नवशिक्याने ५२ मिमीची चाकं घेऊच नयेत!

सावनी_पुणे (धागा)
मुलगी १३ वर्षांची. वाढदिवसाला स्केटबोर्ड घेतला. दुकानदाराने ५२ मिमी व्यासाची, ९९ए कडकपणाची (आकडा मोठा तितकं चाक कडक) चाकं बसवून दिली, "सगळे हीच घेतात" म्हणाला. आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक, बाहेर खडबडीत डांबर. तिसऱ्याच दिवशी वाटाण्याएवढ्या खड्यावर चाक अडलं, बोर्ड जागीच थांबला आणि पोरगी पुढे फेकली गेली. कोपर सोलवटलं. माझं मत ठाम आहे: आपल्याकडच्या नवशिक्याला ५६ च्या खाली काही देऊ नये.

ओंकार_ऑली
ताई, लागलं त्याचं वाईट वाटलं, पण मत अजिबात पटलं नाही. तिला ऑली (बोर्डसकट उडी), किकफ्लिप (उडीत बोर्ड गरकन फिरवणं) शिकायचं असेल तर ५२-५३ च बरोबर. मोठं चाक जड असतं, बोर्ड पायाखाली फिरवताना ते वजन जाणवतं. शिवाय ट्रक (चाकांचा धातूचा आस) सैल ठेवून वळलात की ५६ चं चाक डेकला (उभं राहायच्या फळीला) घासतं. तेही बोर्ड जागीच थांबवतं, खड्यासारखंच.

सावनी_पुणे
अहो, ऑली दूरची गोष्ट. आधी गेटपर्यंत न पडता जाऊ दे! घासण्याचं म्हणाल तर ट्रकखाली ३ मिमीचा रायझर (ट्रक आणि डेकमधली पट्टी) टाकता येतो. आणि छोट्या चाकांचा अनुभव जगाने घेतलाय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ४० मिमीच्या आसपासची चाकं चालली होती, ती मागे पडून पुन्हा पन्नाशीच्या वर आलीच ना?

गणिताचा_मास्तर
दोघेही चुकीच्या आकड्यावर भांडताय. ५ मिमीच्या खड्यावर चाक चढवायला लागणारा आडवा जोर काढून पाहिला: ५२ ला वजनाच्या सुमारे ७३ टक्के, ५६ ला ६९. म्हणजे ४ मिमी वाढवून जेमतेम विसाव्या हिश्श्याचा फायदा. खरा फरक कडकपणाचा. ७८ए चं मऊ चाक खड्याभोवती दबतं, ९९ए चं दबत नाही. १९७० च्या दशकात फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकनाने स्केटबोर्डला युरेथेनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) चाकं आणली तेव्हाही हेच झालं. त्याआधीची क्लेची कडक चाकं बारीकशा खड्यावर अडकायची. बोर्ड सुरक्षित झाला तो मुख्यतः चाकाचा माल बदलल्यामुळे.

ओंकार_ऑली
गणित मान्य. पण मऊ चाकावर टेल (बोर्डचं मागचं टोक) जमिनीवर मारलं की बोर्ड उसळतो, पॉवरस्लाइड (बोर्ड आडवा करून घसरवणं) तर सहज होतच नाही. मऊ चाकावर वर्षभर काढलेली पोरं कडक चाकावर आली की पहिला आठवडा घसरतात. मी शिकवताना हे दर वेळी बघतो.

सावनी_पुणे
मास्तर, आकडे पाहून माझ्या ५६ मधली हवा गेली, कबूल करते. पण मग ५६ मिमी, ७८ए घेतलं तर दोन्ही फायदे एकत्र मिळतील ना? ओंकार, पहिला आठवडा घसरणं मला चालेल. आज कोपर फुटणं चालत नाही.

ओंकार_ऑली
मग घ्या, पण ५२ ची फेकून देऊ नका. बेअरिंग तीच, ६०८ नंबरची. १३ चा पाना असेल तर चारही चाकं दहा मिनिटांत बदलतात. रस्त्यावर मऊ, बास्केटबॉल कोर्टवर कडक. आणि पहिल्यांदा कडक लावाल तेव्हा मनगटाचे गार्ड विसरू नका, घसरताना पोरं हात टेकतात.