विंडोज ११ टाकताय? अपग्रेड नको, क्लीन इन्स्टॉलच करा

पहाटवारा:
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की ११ कसं टाकायचं. माझं मत ठाम आहे, क्लीन इन्स्टॉल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. अपग्रेड केलं की जुना पसारा तसाच पुढे येतो, कधीच टाकून दिलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, दोन-दोन अँटिव्हायरस, चालू केल्या केल्या आपोआप उघडणारी सॉफ्टवेअरं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करा (म्हणजे मशीन त्यावरूनच सुरू होईल), सेटअप चालू करा, जुनी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे भाग, उडवा, झालं. आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या मशीनचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली तर प्रॉडक्ट की शोधत बसावं लागत नाही.

निळीशाई:
'पार्टिशनं उडवा, झालं' असं एका दमात लिहू नका हो, कळकळीने सांगतेय. मी अगदी हेच केलं होतं. त्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, नुसतं ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १. माझ्या दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या, दोन्हींसमोर ४६५ जीबीच लिहिलेलं, आणि मी फोटोंची डिस्क पुसली. आठ वर्षांचे फोटो गेले. अपग्रेडमध्ये फायली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात, शिवाय नाही पटलं तर १० दिवसांत परत मागे जाता येतं. हळू चालेल थोडं, चालू दे.

पहाटवारा:
वाईट वाटलं वाचून. हे मी वर लिहायलाच हवं होतं, बॅकअप घेतल्याशिवाय सुरुवात करायचीच नाही आणि डेस्कटॉप असेल तर डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवायची, मग चुकायला जागाच राहत नाही. पण मशीन आधीच अडखळत असेल तर अपग्रेडने दुखणं जात नाही, ते तसंच पुढे येतं, यावर मी ठाम आहे.

टर्मिनलवाला:
दोघंही ११ चालेलच असं धरून चाललाय. ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनचं काय? लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, वायफाय, आवाज, टचपॅड चालतंय का ते डिस्कला हात न लावता कळतं. पटलं तर ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा.

मधलीसुट्टी:
ड्युअल बूट नवख्याला अजिबात सांगू नका. फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता पटकन चालू व्हायची विंडोजची सोय) चालू राहिलं की लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही, घड्याळ काही तास पुढेमागे होतं, आणि बूटच्या सेटिंगला हात लावला की बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती कुठे ठेवलीय हे बहुतेकांना माहीतच नसतं. शिकायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्याच आत एका खिडकीत चालणारा नकली संगणक) बरं, बिघडलं तर डिलीट करून नवं बनवायचं.

टर्मिनलवाला:
८ जीबी रॅममधली ४ व्हर्च्युअल मशीनला दिली तर दोन्हीकडे रखडतं, अशाने माणूस लिनक्सलाच नावं ठेवतो. फास्ट स्टार्टअप बंद करायला दोन मिनिटं लागतात. रिकव्हरी कीचं मात्र पटलं, ती आधी कागदावर उतरवून घ्या.

निळीशाई:
केबल काढून ठेवायचं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! माझ्या डेस्कटॉपला आता तसंच करीन. आईचा लॅपटॉप मात्र मी अपग्रेडच करणार, तिला तिचं प्रत्येक आयकॉन आहे त्या जागी लागतं.