शिक्षण निधी: यावलच्या मुलीचा अर्ज आणि बोनाफाईडची अट (शुक्रवारच्या आत उत्तर हवं!)

प्रेषक: हेमलता
मंगळवार, रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या शिक्षण निधीकडे आलेला यावलच्या मुलीचा अर्ज अण्णांनी काल परत पाठवला. कारण एकच, बोनाफाईड जोडलेलं नाही. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली आहे आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतेय, दूरस्थ. रोज जाऊन बसायचं कॉलेजच नाही, तर बोनाफाईड आणायचं कुठून? फी भरायला तिच्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आणि तोही तिकडचा, भारतातला शुक्रवार, म्हणजे इथे कॅनडात आपला गुरुवार धरा.

जळगावला विद्यापीठात का जात नाही असं कुणी विचारण्याआधीच सांगते. वडील गेल्यापासून केळीचं सगळं आई आणि ती मिळून बघतात. वसतिगृहात राहणं शक्य नाही. फैजपूरच्या मुलाचं कागदांच्या घोळात वर्ष गेलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. हिचं तसं होऊ नये.

हेमलता


प्रेषक: अण्णा (खजिनदार)
मंगळवार, रात्री उशिरा

हेमलताताई,

अट माझी नाही, चोपड्याच्या प्रकरणानंतर सभेने एकमताने घातलेली आहे. तेव्हा ‘ऑनलाइन डिग्री’ म्हणून ज्या कागदावर आपण पैसे दिले, तो कागद नोकरीच्या वेळी कुणी हातात धरला नाही. मुलाचे हाल झाले आणि सभासदांना उत्तरं मला द्यावी लागली. पैसे लोकांनी घाम गाळून दिलेले आहेत. नियमात ‘मान्यताप्राप्त महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र’ असं स्पष्ट लिहिलंय. नियम बदलायचा तर सभा बोलवा, मी आडवा येणार नाही. पण एका अर्जासाठी मेलवर नियम वाकवायला माझी तयारी नाही.

आणि घरात बसून पर्यावरणशास्त्र शिकता येतं का, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

अण्णा


प्रेषक: योगेश
बुधवार, सकाळ

अण्णा, चोपड्याचं प्रकरण आणि हे प्रकरण यांत फार फरक आहे.

चोपड्याच्या मुलाने एका अ‍ॅपवाल्या कंपनीकडून कोर्स घेतला होता. विद्यापीठाचं नाव पुढे करून अशा कंपन्या प्रवेश देतात, आणि त्याबद्दलच यूजीसीने जानेवारी 2022 मध्ये इशारा दिला होता: ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रम कुणालाही फ्रँचायझीवर देता येत नाही. इग्नू हे केंद्राचं विद्यापीठ आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची यूजीसीची 2020 ची नियमावली आहे, तिच्याप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मान्यता आहे की नाही हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष टाकून कुणालाही बघता येतं. विद्यार्थ्यालाही तिथे ‘डेब आयडी’ काढावा लागतो, त्याशिवाय आता प्रवेशच होत नाही. माझ्या मते बोनाफाईडपेक्षा हा पुरावा जास्त पक्का आहे. बोनाफाईड कुणीही क्लार्क शिक्का मारून देतो.

ताई, मुलीला अजून एक सांगा. पदवी चालू असताना ‘स्वयम्’वरचे पर्यावरणाचे कोर्स करता येतात. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. देहरादूनच्या इस्रोच्या संस्थेचे, म्हणजे आयआयआरएसचे, रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रं) आणि जीआयएसचे (संगणकावरचे नकाशे) ऑनलाइन वर्ग तर फुकट असतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. मी नकाशांचंच काम करतो म्हणून खात्रीने सांगतो, पर्यावरणाची पदवी आणि सोबत नकाशा करता येणारा हात, असा माणूस शोधून सापडत नाही.

योगेश


प्रेषक: आबा
बुधवार, दुपार

योगेशचं कागदांचं म्हणणं मला मान्य आहे. पण अण्णांनी शेवटी विचारलेला प्रश्न कुणी घेतला नाही, तो मी घेतो, कारण माझी उभी हयात भुसावळला प्रयोगशाळेत गेली.

पर्यावरणशास्त्र निम्मं वाचून येतं, निम्मं हातात यावं लागतं. नाल्याच्या पाण्याचा बीओडी (त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा) काढायचा म्हणजे नमुना हवेचा बुडबुडा न राहू देता बाटलीत भरायचा, मग ती बाटली ठरलेल्या तापमानाला ठेवायची (जुनी पद्धत 20 अंशांवर पाच दिवसांची, आपल्याकडच्या हवामानाला 27 अंशांवर तीन दिवसांची), आणि आधीचा व नंतरचा विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. हा ऑक्सिजन थेंबाथेंबाने मोजायच्या विंकलरच्या टायट्रेशनमध्ये स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो, तो थेंब व्हिडिओ बघून ओळखता येत नाही. माझे चांगले चांगले विद्यार्थी तिथे एक थेंब जास्त टाकायचे आणि सगळं उत्तर बिघडायचं. हे न येता ती उद्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिच्या आकड्यावर विसंबून एखाद्या गावाने पाणी प्यायलं, तर?

म्हणून दूरस्थला माझा विरोध नाही, फक्त एक विचारतो. या एम.एस्सी.ला प्रात्यक्षिकं आहेत आणि ती केंद्रावर जाऊनच करावी लागतात. तिचं केंद्र कुठलं? तिथपर्यंतचं येणं-जाणं, राहणं हा खर्च अर्जात धरलाय का? मला अर्जात फक्त फी दिसली. प्रात्यक्षिकांच्या दिवसांत केळीची कापणी आली तर ती पोर काय करणार?

बामणोद, फैजपूर या बाजूने ज्या मुली माझ्याकडे यायच्या, त्या अशाच मध्येच गळायच्या. डोक्याने नव्हे, बसच्या वेळेने.

आबा


प्रेषक: प्रमोद
बुधवार, संध्याकाळ

आबा, बामणोदचं नाव काढलंत म्हणून आठवलं. भरीत पार्टीचा हॉल अजून पक्का नाही. तिथली वांगी इकडे मिळणार नाहीतच, पण निदान तारीख तरी कुणी सांगा. मागच्या वेळी कळण्याची भाकरी कमी पडली होती.

विषयाबद्दल एवढंच: बामणोदला माझ्या भावाची विहीर कधीच आटली, आता बोअरही दर काही वर्षांनी अजून खाली न्यावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याला केळी पाण्यावर जगते आणि पाणी खाली चाललंय. यावल-रावेरच्या भूजलाचं हे रडगाणं आपण इथे दर दिवाळीला गातो. तिथलीच एक मुलगी हे शिकतेय, तर तिले शिकू द्या.

प्रमोद


प्रेषक: मिलिंद
बुधवार, रात्री

सगळ्यांना नमस्कार. मंडळाचं करिअर मार्गदर्शन मी बघतो, त्यामुळे हा अर्ज आधी माझ्याकडे आला असता तर बरं झालं असतं. असो.

मी इथे दूषित जमिनींच्या तपासणीचं काम करतो. पेट्रोल पंप, जुने कारखाने, ड्रायक्लीनिंगची दुकानं यांच्याखालची माती आणि पाणी. लोकांना वाटतं पर्यावरणाची पदवी घेतली की कॅनडाची दारं उघडली. तसं नाही. ऑन्टारियोत साइटच्या अहवालावर सही करायची तर परवानाधारक इंजिनिअर किंवा भूवैज्ञानिकच लागतो. एम.एस्सी. पर्यावरणवाला नमुने घेतो, अहवाल लिहितो, चांगला पगारही मिळवतो, पण सहीसाठी दुसऱ्याकडे जातो. हे आधी माहीत असलेलं बरं.

भारतातही थोडंफार तसंच आहे. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेखाली मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि तो अहवाल नॅबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेली सल्लागार संस्थाच करू शकते. त्यात हवा, पाणी, आवाज, जीवसृष्टी, सामाजिक-आर्थिक अशा प्रत्येक विषयाचा वेगळा तज्ज्ञ दाखवावा लागतो. तज्ज्ञ होण्यासाठी पदवीबरोबर अनुभवाची वर्षं मोजतात. म्हणजे पहिली काही वर्षं कमी पगारावर, धुळीत उभं राहून हवेचे नमुने घेणं आलंच. ते तिला करायचं आहे का, हे कुणी विचारलंय?

प्राध्यापकी करायची असेल तर नेट ही पात्रता परीक्षा आहे, तिच्यात पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. गेट या परीक्षेतही 2021 पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आला. आणि एक नवं क्षेत्र उघडलंय: सेबीने शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पाणी किती वापरलं, कचरा किती, कार्बन किती, हे आकडे गोळा करणारी माणसं हवी आहेत, आणि यातलं बरंचसं काम घरून होतं. तिच्या परिस्थितीत मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

मिलिंद


प्रेषक: सुनंदा
गुरुवार, पहाटे

मिलिंद, माहिती मोलाची आहे, पण त्या मुलीने मुंबईच्या कंपनीचे आकडे घरी बसून भरावेत हाच योग्य मार्ग, हे मला पटत नाही. ती जिथे राहते तिथेच किती काम पडलंय!

दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख घ्या. राखेचा शंभर टक्के वापर झाला पाहिजे असा नियम 2021 च्या शेवटी आला. ती राख कुठे जाते, वाऱ्यावर किती उडते, हे मोजायला माणूस लागतो. नंदुरबारकडे वनहक्क कायद्याने गावांना जंगल मिळालं, त्याचे नकाशे, त्याचे व्यवस्थापन आराखडे करायला माणूस लागतो, आणि तिथे योगेश म्हणतो ते क्यूजीआयएस उद्यापासून उपयोगी पडेल. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी चारशेवर हेक्टर जंगल राखलं, चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखं काम करणाऱ्या गावांना शास्त्र शिकलेली, अहिराणी-पावरी कळणारी पोरं हवीत. पाणलोट, भूजल, ठिबकच्या कंपन्या, गावाचा पाण्याचा ताळेबंद, सगळं तिच्या अंगणात आहे. पगार कमी असेल, मान्य. पण आपण हा निधी काढला तेव्हा खान्देशासाठी काढला, हे मी सभेत बोलले होते आणि आजही त्यावर ठाम आहे.

आणि आबांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही. केंद्र कुठलं?

सुनंदा


प्रेषक: हेमलता
गुरुवार, सकाळ

मुलीशी आत्ता फोनवर बोलले. तिने केंद्राची चौकशी आधीच केलेली आहे. प्रात्यक्षिकं सलग होतात, त्या दिवसांत आईला मदतीला मामा यायला तयार आहेत. प्रवासखर्च तिने लाजून लिहिला नव्हता, ‘फी दिली तरी पुष्कळ’ म्हणाली. डेब आयडी काढलेला आहे, प्रवेशाच्या कागदाची पीडीएफ अण्णांना पाठवली.

मिलिंदभाऊ, धुळीत उभं राहायला ती तयार आहे. पाण्याच्या पाळीसाठी रात्री-बेरात्री मोटर चालू करायला शेतात जाणारी पोर आहे ती.

हेमलता


प्रेषक: अण्णा (खजिनदार)
गुरुवार, दुपार

पीडीएफ मिळाली. यूजीसीच्या साइटवर मी स्वतः संस्था, अभ्यासक्रम आणि वर्ष तपासलं, नाव आहे. कार्यकारिणीतल्या चौघांशी फोनवर बोललो. ‘बोनाफाईड किंवा यूजीसीच्या यादीतल्या संस्थेचा प्रवेशपुरावा आणि डेब आयडी’ असा ठराव पुढच्या सभेत मांडतो, तोपर्यंत हा अर्ज कार्यकारिणीच्या अधिकारात मंजूर.

पहिल्या वर्षाची फी आज जाईल. प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक आल्यावर वेगळे देऊ, तिने अंदाज लिहून पाठवावा, लाजू नये. दुसऱ्या वर्षाची फी प्रात्यक्षिकं पूर्ण झाल्याचा कागद बघूनच देणार, यावर मात्र वाद नको.

हेमलताताई, खातं आईच्या नावावर दिसतंय. निधीचे पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यावर जातात. मुलीच्या पासबुकाचं पहिलं पान आणि आयएफएससी कोड तासाभरात पाठवा.

अण्णा


प्रेषक: आबा
गुरुवार, दुपार

अण्णा, माझ्याकडे ब्युरेट, पिपेट आणि बीओडीच्या बाटल्यांचा एक जुना संच भुसावळच्या घरी पडून आहे. माझा पुतण्या यावलला नेऊन देईल. प्रात्यक्षिकांआधी हात बसवायला उपयोगी पडेल. रविवारी सकाळी तिला व्हिडिओ कॉलवर घेतो, हेमलता, वेळ कळव.

आबा


प्रेषक: प्रमोद
गुरुवार, संध्याकाळ

हॉलचं कुणीच काही बोललं नाही. उद्या मी अनामत भरतोय, तारीख तुम्ही नंतर ठरवा.

प्रमोद