मे महिन्यात दहा दिवस घर बंद: गच्चीवरच्या कुंड्यांना टायमरचं ठिबक जमेल का?

मोगरा_पुणे:
नमस्कार मंडळी. चौथ्या मजल्यावर आमची गच्ची आहे, ४० कुंड्या. बहुतेक बारा इंची: मोगरा, तुळस, मिरच्या, दोन कढीपत्ते. शिवाय अर्ध्या पिंपात शेवगा. तो सासूबाईंचा, त्याच्याबद्दल सल्ले नकोत. मे महिन्यात दहा दिवस गुहागरला जायचंय. आजवर शेजारच्या काकू पाणी घालायच्या, आता त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. बाजारात टायमरसकट ठिबकचे तयार संच मिळतात, त्यातला एक घेऊन सोसायटीच्या टाकीला जोडावा असा विचार आहे. पण चेअरमन म्हणतात, टायमर अडकला तर सकाळी अख्ख्या बिल्डिंगला पाणी नाही. काय करू?

ठिबकवाला_पिंपळगाव:
ताई, चेअरमन बरोबर बोलतायत. सेल संपले की साधे टायमर असतील तिथेच थांबतात. उघडे असले तर उघडेच राहतात. सोसायटीच्या टाकीला जोडूच नका. ५०० लिटरची काळी टाकी वेगळी घ्या, निघताना भरा आणि ती भरणारा वरचा नळ बंद करा. मेच्या उन्हात बारा इंची कुंडीला रोज लिटरभर धरा. ४० कुंड्यांचे ४०, दहा दिवसांचे ४००. उरलेलं शेवग्याला. काही बिघडलंच तर तेवढंच पाणी जाईल, बिल्डिंगचं नाही. फक्त भरलेल्या टाकीचं वजन अर्धा टन होतं. स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली बीम-कॉलम असेल तिथे चार फुटी लोखंडी स्टँडवर ठेवा.

आता प्रेशर, कारण तयार संच तिथेच मार खातात. पाण्याच्या दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर, असा हिशोब. तुमच्याकडे स्टँड आणि टाकी धरून उंची मिळणार जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. आमच्या द्राक्षबागेत मोटर असते म्हणून प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (प्रेशर कमी-जास्त झालं तरी सारखंच पाणी टपकवणाऱ्या तोट्या) चालतात, तुमच्याकडे ते नीट टपकणारही नाहीत. साधे, तासाला चार लिटरचे घ्या. ते चार लिटर एक किलो प्रेशरला. तुम्हाला तासाला दीड-एक लिटर मिळेल. म्हणजे सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. एकदम चाळीस मिनिटं सोडलंत तर निम्मं पाणी कुंडीच्या भोकातून खाली. शेवग्याला तीन-चार ड्रिपर लावा.

टायमर बॉल व्हॉल्ववाला, म्हणजे आतली गोळी फिरवून पाणी सोडणारा मागा. सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकावर उघडणाऱ्या बऱ्याच टायमरना उघडायलाच प्रेशर लागतं. टाकीच्या तोंडाशी १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर, पुढे १६ मिमीची नळी, प्रत्येक कुंडीला ४ मिमीची मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी. दुकानदार फिल्टर नको म्हणाला तर दुकान बदला.

मोगरा_पुणे:
दादा, खूप आभार! बोअरचं पाणी भरलं तर चालेल?

कढीपत्ता_सोलापूर:
मी सांगते, आमच्याकडे बोअरच आहे. चालतं, पण क्षार धरतात. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली जमते आणि थेंब थांबतो. अधूनमधून काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचे, नळीच्या शेवटची टोपी काढून गाळ सोडायचा. पण दहा दिवसांसाठी जाताय तर नळाचंच भरा की.

दादांच्या हिशोबात एक भर घालते. टाकी उतरेल तसं प्रेशरही उतरतं, शेवटी शेवटी पाणी तीस टक्क्यांनी कमी पडेल. म्हणून कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, वर दोन इंच पालापाचोळा पसरा. आणि निघायच्या आधी आठवडाभर तरी सगळं चालवून बघा. टाकीजवळच्या आणि सगळ्यात लांबच्या कुंडीतला ड्रिपर बाटलीत सोडून मोजा. लांबच्याला निम्मंच येत असेल तर तिथे दुसरा ड्रिपर जोडा.

ठिबकवाला_पिंपळगाव:
पालापाचोळ्याचं लाख बोललात. ताई, तुमच्याकडे खारी येतात का? मायक्रोट्यूब कुरतडतात. येत असतील तर ती पाल्याखालून न्या.

मोगरा_पुणे:
येतात, दोन. शेवग्यावरच असतात.