डी ड्राइव्हवरच्या मराठी फाइली सर्चमध्ये सापडत नाहीत

शून्य_बाइट:
विंडोज ११. सी म्हणजे ५१२ जीबी एसएसडी, डी म्हणजे १ टीबी हार्डडिस्क. डीवर 'घरचे कागद' फोल्डरमध्ये तीनेक हजार वर्ड आणि पीडीएफ फाइली आहेत. स्टार्टमधून शोधलं तर डीवरचं काहीच येत नाही. त्या फोल्डरमध्ये जाऊन 'फेरफार' शोधलं तर नावात शब्द असलेल्याच फाइली येतात, मजकुरात असलेल्या नाहीत. 'सातबार्‍याची प्रत' ही फाइल तर डोळ्यांसमोर आहे, पण नाव टाइप केलं की 'काही सापडलं नाही'. इंडेक्स (शोधासाठी विंडोज ठेवतं ती फाइलींची सूची) दोनदा रीबिल्ड, म्हणजे नव्याने तयार, करून झाला.

टिचकी:
रीबिल्ड आता तिसऱ्यांदा करू नका. जे फोल्डर इंडेक्सच्या यादीतच नाही, ते रीबिल्डने आत येत नाही. सर्च मुळात 'क्लासिक'वर असतो, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक एवढंच बघतो.

कंट्रोल पॅनेलमधून इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडा, मॉडिफाय दाबा आणि डीखालच्या फक्त त्या फोल्डरवर टिक करा. 'एनहान्स्ड' लावलं तर सगळा कॉम्प्युटर पिंजून काढतो, तुम्हाला त्याची गरज नाही. मग ॲडव्हान्स्ड, फाइल टाइप्समध्ये जाऊन डॉक, डॉकएक्स, पीडीएफ यांच्यासमोर 'प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स' निवडलंय का पाहा. नुसतं 'प्रॉपर्टीज' असेल तर आतला मजकूर वाचला जात नाही. वरती 'इंडेक्सिंग कम्प्लीट' येईपर्यंत मशीन चालू ठेवा. तुम्ही काम करत असाल तर इंडेक्स मुद्दाम हळू चालतो.

आणखी एक: हा सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. 'बारा' टाकून 'सातबारा' मिळणार नाही. नावातला मधला तुकडा शोधायला एव्हरीथिंग (फाइलींची नावं शोधायचं वेगळं सॉफ्टवेअर) बरं. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-मांडणी) ड्राइव्हची सगळी नावं काही सेकंदांत वाचतं.

रात्रपाळी:
'सातबार्‍याची'चं दुखणं वेगळं आहे. प्रश्नातलं नाव तुम्ही बहुधा फाइलवरूनच कॉपी केलंय, कारण त्यात जुन्या पद्धतीचा र्‍य आहे: साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, मग य. तुमचा आताचा कीबोर्ड ऱ (खाली टिंब असलेला) वापरून ऱ्य लिहितो. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. 'ॲ'चं तेच: एकसंध अक्षर किंवा अ वर वेगळा चंद्र.

तात्पुरतं 'सातबा' एवढंच शोधा. कायमचं करायचं तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातलं पॉवररीनेम (एकदम अनेक फाइलींची नावं बदलणारं) घ्या. शोधायच्या रकान्यात जुना र्‍य फाइलच्या नावातून कॉपी करून चिकटवा (हाताने टाइप केलात तर नवाच येईल), बदलायच्या रकान्यात ऱ्य. प्रीव्ह्यू पाहूनच ॲप्लाय.

टिचकी:
बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कानामात्रा:
मजकुराचं अजून बाकी आहे. जुन्या वर्ड फाइलमधला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा गिचमिड आला तर ती फाइल श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फाँटातली. आत 'फेरफार' हा शब्दच नाही, फक्त त्याचं चित्र दिसतं. कुठलाही सर्च तिथे हरणार. आधी युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) करा.

पीडीएफमध्ये माऊसने ओळ निवडता आली नाही तर ते स्कॅन आहे. ओसीआरमायपीडीएफ हा ओसीआरचा (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याचा) प्रोग्राम टेसरॅक्ट या अक्षरओळख इंजिनच्या मराठी डेटासह चालवा, मूळ चित्राखाली मजकुराचा थर बसतो. स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) असावं, १५० ला जोडाक्षरं मार खातात. ओळ निवडता येते पण चिकटवल्यावर वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, अशा पीडीएफनाही हाच उपाय, फक्त ओसीआर सक्तीने करायला सांगावं लागतं.

शून्य_बाइट:
फोल्डर यादीत नव्हतंच, टाकलं. र्‍यही बदलला, फाइल सापडली. वर्ड फाइली मात्र बऱ्याचशा सुरेखमधल्या निघाल्या. सरसकट कन्व्हर्टरमधून काढू का?

कानामात्रा:
सरसकट नको. मधले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्तेही तो मराठी समजून बदलतो. वर्डच्या फाइंडमध्ये फॉरमॅट, फाँट, सुरेख असं निवडून तेवढाच भाग बदला. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या, पण ते इंडेक्सच्या बाहेर ठेवा, नाहीतर प्रत्येक नाव दोनदा येईल.