प्रति: चुनखडीत कार्बन साठतो की सुटतो?
वर कुणीतरी लिहिलंय की समुद्री जीवांचं चुन्याचं कवच बनताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे अशा कवचांची समुद्रतळावर बनलेली चुनखडी कार्बन साठवते हे थोतांड. पहिलं वाक्य बरोबर, दुसरं घाईचं. कवचाला बायकार्बोनेटचे (पाण्यात विरघळलेल्या कार्बनचं एक रूप) दोन आयन लागतात. एकाचा कार्बन कवचात जातो, दुसऱ्याचा सुटतो. पण ते दोन आले कुठून? सह्याद्रीच्या बेसाल्टसारखा सिलिकेट खडक झिजताना दोन्हींचा कार्बन हवेतूनच ओढला जातो. दोन घेतले, एक परत दिला, एक गाडला. (चुनखडीच झिजून पुन्हा चुनखडी झाली तर हिशेब शून्य, हे मान्य.)

अर्थात तळ म्हणजे कायमची तिजोरी नव्हे. समुद्रात साधारण साडेचार-पाच किलोमीटर खोलीच्या खाली कवचं टिकत नाहीत, विरघळतात. २००३ साली दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवरून काढलेले गाळाचे नमुने पाहा: कवचांचा खडूसारखा फिकट गाळ, आणि मध्येच लालसर-तपकिरी चिकणमातीचा पट्टा. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी कार्बनचा लोंढा आला, पाण्याची आम्लता वाढली आणि तळावरचा चुना विरघळला. ती आम्लता मारली तीही त्याच चुन्याने. फिकट गाळ पूर्ववत व्हायला मात्र १ लाखाहून जास्त वर्षं गेली.