मदत हवी आहे: चार ठिकाणचा जैवविविधतेचा डेटा एका नकाशावर बसत नाहीये

रानगवा_०७
शीर्षकात लिहिलंय तेच. चार ठिकाणांहून नोंदी आल्या आहेत. एकत्र टाकल्या की बरेचसे बिंदू भलतीकडेच पडतात. शिवाय एका कार्यालयाने बिंदू द्यायला साफ नकार दिलाय. पुढच्या आठवड्यात आराखड्याची बैठक आहे. हे आधी कुणी केलंय का? 'क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) शिकून घ्या' असले सल्ले नकोत, ते येतं.

केतकी_द
कुठला जिल्हा? कसला आराखडा? चार ठिकाणं म्हणजे कोण कोण? आणि 'भलतीकडे' म्हणजे किती लांब? शंभर मीटर आणि चाळीस किलोमीटर ही दोन वेगळी दुखणी आहेत.

जुनाखोंड
+१. बरं वाटत नाही एवढंच सांगून औषध मागितल्यासारखं झालं हे.

सह्यभ्रमंती
सगळं जीबीआयएफवर, म्हणजे जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक खुल्या साठ्यावर चढवा, विषय संपला. डार्विन कोअर या ठरलेल्या नमुन्याचे रकाने भरा: शास्त्रीय नाव, तारीख, अक्षांश-रेखांश, अनिश्चितता मीटरमध्ये. डेटा वापरू द्यायचे परवाने तीनच आहेत, सीसी-झीरो, सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी, त्यातला एक निवडा. जगातल्या कुणालाही डेटा वापरता येईल.

रानगवा_०७
@सह्यभ्रमंती, जगाचं नंतर बघू, आधी बैठक आहे. डेटा माझा नाही, मी कुठल्या हक्काने चढवू?
@केतकी_द, सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा. तिलारी आणि आंबोली-दोडामार्ग ही दोन संवर्धन राखीव क्षेत्रं झाली, पण त्यांच्या अवतीभवती खासगी वनं आणि देवराया आहेत. त्यातल्या कुठल्या तुकड्यांकडे आधी लक्ष द्यायचं ते ठरवायचंय. नोंदी: गावांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद), एका महाविद्यालयाचं सर्वेक्षण, आयनॅचरलिस्ट-ईबर्ड या हौशी निरीक्षकांच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या, आणि एक सरकारी कार्यालय, नाव घेत नाही. काही बिंदू गोव्यात गेलेत, काही थेट समुद्रात.

केतकी_द
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? समुद्रातला एक बिंदू जसाच्या तसा द्या.

रानगवा_०७
१५.५७, ७३.५९. मलबारी उडता बेडूक, शेरा 'आंबोलीजवळ'. महाविद्यालयाच्या यादीतला.

केतकी_द
आंबोली साधारण १५ अंश ५७ मिनिटं, ७३ अंश ५९ मिनिटांवर आहे. कुणीतरी अंश-मिनिटांच्या मध्ये नुसता टिंब देऊन एक्सेलमध्ये भरलंय. खरा आकडा १५.९५, ७३.९८ असा हवा. म्हणून तुमचा बेडूक चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला आणि तितकाच पश्चिमेला सरकून गोव्यातल्या हणजूणसमोरच्या समुद्रात पोहतोय. खात्री करायची तर त्या पूर्ण यादीत टिंबानंतरचे पहिले दोन आकडे बघा. ६० ते ९९ मधलं काही सापडतंय का?

रानगवा_०७
एकही नाही. सगळे ५९ पर्यंतच.

केतकी_द
मग झालं. पण सरसकट सूत्र लावू नका. काही ओळी मोबाइलच्या जीपीएसवरून आलेल्या असतील, त्यांना चार-पाच दशांश असतात. त्या वेगळ्या काढा आणि कुठली ओळ बदलली ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कुणी तीच यादी परत 'दुरुस्त' करेल.

जुनाखोंड
जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशांवरून) बिंदू काढले असतील तर आणखी एक भानगड आहे. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार धरतात तो त्यांचा एव्हरेस्ट, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४. आपल्या भागात शे-दीडशे मीटरचा फरक पडतो.

केतकी_द
आराखडा एक किलोमीटरच्या चौकटींवर असेल तर दीडशे मीटरने काय बिघडतं?

जुनाखोंड
बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली ती २.५९ हेक्टर, म्हणजे बाजू जेमतेम १६० मीटर. आंबोलीच्या हिरण्यकेशीचं वारसा स्थळ २.११ हेक्टर. दीडशे मीटर सरकलात की दलदलीतलं झाड काजूच्या बागेत. देवराया तर गुंठ्यांत मोजायच्या. चौकटी वाघासाठी ठीक, झाडासाठी नाही.

मेलबर्नचा_मन्या
आमच्याकडे अॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय नोंद-संकेतस्थळावर प्रत्येक राज्याची संवेदनशील प्रजातींची यादी जोडलेली असते. त्या प्रजातींचे बिंदू आपोआप धूसर होऊन दिसतात. भांडणच नाही.

जुनाखोंड
तुमच्याकडे सगळंच चांगलं असतं हो. इकडे यादी युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली येते आणि एक्सेलमध्ये उघडली की 'ÃÖÖ¯Ö' असलं काहीतरी दिसतं.

बांदेकर
आमच्या वाडीत हत्ती इलो, माड पाडून गेलो. तेची नोंद तुमच्या नकाशात खंय आसा? बेडकाचे ठिपके मारतत. आणि आमच्या जमनीत ठिपको पडलो की जमीन गेली, ह्या गावात सगळ्यांका म्हायत आसा.

सह्यभ्रमंती
हत्तींचा धागा वेगळा काढा प्लीज.

केतकी_द
नका काढू. बांदेकर मुद्द्याचं बोलतायत. हत्तीने नुकसान केलं की भरपाईसाठी पंचनामा होतो. त्यात तारीख, गाव, सर्व्हे नंबर-हिस्सा असतो. महाभूनकाशावरून (जमिनींच्या सरकारी ऑनलाइन नकाशावरून) जागा मिळते. कर्नाटकातून तिलारीत उतरणाऱ्या हत्तींची वाट बघायला याहून चांगली नोंद कुठली? मात्र शेतकऱ्याचं नाव आणि हिस्सा नकाशावर छापायचा नाही, वाडीपर्यंतच थांबायचं.

बांदेकर
भरपाई वेळेवर येय तर पंचनामे करूक पण लोक फुडे येतले.

रानगवा_०७
पंचनामे मागतो. पण मूळ अडचण राहिलीच. ते कार्यालय बिंदू देत नाही.

तळटीप
माहिती अधिकार टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

रानगवा_०७
बैठक पुढच्या आठवड्यात आहे, ३० दिवसांनी नाही.

वनपायवाट
मी अशाच एका कार्यालयात बसून हे बघितलंय. नकार खवले मांजरासाठी असेल तर तो बरोबर आहे. एक बिंदू बाहेर गेला की शिकारी आपल्या आधी पोचतो. त्यांच्याकडे बिंदू मागूच नका. बीटनिहाय (एकेका वनरक्षकाच्या हद्दीनुसार) तक्ता मागा: बीट, प्रजाती, शेवटची नोंद कुठल्या वर्षी, नोंद कशी झाली (प्रत्यक्ष, खूण, जंगलात लावलेला कॅमेरा ट्रॅप). बीट हे त्यांचं रोजचं एकक, गस्तही त्यावरच चालते. असा तक्ता द्यायला वरून परवानगी मिळणं सोपं जातं. आराखड्याला कुठलं बीट महत्त्वाचं एवढंच कळायला हवं, बीळ कुठे आहे ते नव्हे.

सह्यभ्रमंती
हीच मानसिकता! करदात्यांच्या पैशांचा डेटा. २०१२ चं राष्ट्रीय डेटा-वाटप धोरण वाचा.

वनपायवाट
वाचलंय. त्यात संवेदनशील माहिती रोखून ठेवायची सोयही आहे. तुम्हीही वाचा.

केतकी_द
बीटची कल्पना चांगली, पण खासगी वनांचं काय? तिथे गस्तीच्या नोंदी विरळ. त्या तुकड्यांसाठी नोंदवह्या आणि देवराया हाच आधार. शिवाय ईबर्डचे ठिपके बघा, आंबोलीचा रस्ता आणि होमस्टे उजळलेत. दोडामार्गची आतली गावं कोरी आहेत म्हणून तिथे पक्षी नाहीत असं नाही, कुणी गेलं नाही. कुठे किती वेळा जाऊन पक्ष्यांच्या याद्या केल्या त्याचा वेगळा थर दाखवा, नाहीतर बैठकीत कुणीतरी कोरा भाग बघून 'इथे काही नाही' म्हणून मोकळं होईल. मग तिथेच खाण येते.

हौशी_पक्षी
आंबोलीत पावसाळ्यात राहायला चांगलं ठिकाण कुठलं? आणि दुर्बीण ८ x ४२ घ्यावी की १० x ४२?

जुनाखोंड
८ x ४२. बाकी वेगळा धागा काढा.

वनपायवाट
आयनॅचरलिस्टबद्दल राहिलं. धोक्यातल्या प्रजातींचे बिंदू ते ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही टाकतं. अनिश्चिततेच्या रकान्यात आपल्याकडे साधारण ३० किलोमीटर दिसेल. त्या ओळी चाळून बाजूला काढा. 'खवले मांजर नदीपात्रात' असा ठिपका मी छापील आराखड्यात पाहिलाय.

जुनाखोंड
नोंदवह्यांवरही फार विसंबू नका. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्याने महिन्याला १० लाख भरायचे. मग काय, धडाधड झाल्या. शेजारशेजारच्या गावांच्या याद्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारख्या मी बघितल्यात. आणि 'वाघ' लिहिलं असेल तर गावात विचारून घ्या, बऱ्याचदा तो बिबट्या असतो.

केतकी_द
नोंदवहीतला औषधी वनस्पतींचा भाग गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारल्याशिवाय नकाशावर टाकू नका. वही त्यांची आहे.

रानगवा_०७
महाविद्यालयाची यादी बसली. बेडूक आंबोलीत परत आला. कार्यालयाला बीटनिहाय तक्त्याचं पत्र दिलं, तिथले साहेब म्हणाले 'असं असेल तर बघतो', म्हणजे निदान नाही म्हणाले नाहीत. आता प्रश्न असा की त्यांच्याकडची बीटची हद्द आणि माझ्याकडची शेपफाइल (हद्दींची संगणकी नकाशा-फाइल) जुळत नाही, दोन बीटांची नावंच वेगळी आहेत.

वनपायवाट
फाइल कुठल्या सालची?

रानगवा_०७
फाइलवर साल नाही.

वनपायवाट
मग तिच्यावर वेळ घालवू नका. तक्त्यासोबत हद्दही त्यांच्याकडूनच मागा, आणि पत्रात 'सध्या अमलात असलेली' असं लिहा.