के-२२ मास्टरपीस : नळीवरची पट्टी बघा

जुन्या टार्गेट रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे नेमबाजीसाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये, झिलईपलीकडे काय बघायचं, असा प्रश्न आहे. मी आधी नळीवरची पट्टी, म्हणजे नळीच्या माथ्यावर लांबीभर असलेली पोलादी पट्टी, बघतो. दुसऱ्या महायुद्धानंतर स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक कंपनीने .२२, .३२ आणि .३८ कॅलिबरची (भोकाच्या मापाची) के-२२, के-३२, के-३८ ही मास्टरपीस रिव्हॉल्व्हरांची त्रयी काढली. एक ठेवून दुसरं उचललं तरी नेमबाजाच्या हाताला फरक कळू नये, म्हणून भरलेल्या तिन्हींचं वजन सारखं राखलं. .२२च्या नळीचं भोक लहान, पोलाद जास्त, म्हणून पट्टी अरुंद; .३८ची रुंद. किती बारीक विचार!

आणि हो, लाकडी मूठ उघडून उजव्या फळीची आतली बाजू जरूर बघा. तिथे पुसटसा शिक्का असतो. तो क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळला, तर मूठ मूळचीच. मला तो जुळलेला क्रमांक नव्या झिलईपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.